पहिली ओळ

त्याच्या कारकिर्दीच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर माझं नाव आहे.
विर्हिलिओ आबादिया. चार फेऱ्या. गुणांवर पराभूत.
आडनाव चुकवलंय कुणीतरी, 'आबाडो' लिहिलंय,
पण तो मीच.

पोलोमोलोकची जत्रा. बास्केटबॉलच्या मैदानावर
नारळाच्या फळ्या ठोकून उभी केलेली रिंग.
वजनं तांदळाच्या काट्यावर झाली.
एल्मार तुमुलाक अर्धा किलो जास्त भरला,
तेव्हा त्याच्या मामानं खताची पिशवी अंगात चढवून
त्याला भर उन्हात अननसाच्या मळ्याभोवती पळवलं
आणि काट्यावर चढण्याआधी म्हणाला, थुंक. अजून थुंक.
दाखल्यावर अठरा वर्षं होती,
तोंडावर सोळासुद्धा नव्हती.

हातमोज्यांचे जोड दोनच.
आधीच्या गड्यांनी काढले, आम्ही चढवले,
आतून अजून गरम होते,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखे.

पहिल्या दोन फेऱ्यांचं मला काही आठवत नाही.
तिसरीत माझा डावा हूक त्याच्या उजव्या कानामागे बसला
आणि तो पडला.
घसरला नाही. घसरणं मला कळतं,
आज बारा वर्षं मी बर्फात आणि माशांच्या रक्तात उभा आहे.
पंचानं फळीकडे बोट दाखवलं, फडकं मागवलं,
आकडे मोजलेच नाहीत.
पोराचे गुडघे मात्र खरं बोलत होते
फडकं फिरेपर्यंत.

चौथ्या फेरीत त्यानं मला धुऊन काढलं. तेही खरंच.
शीतगृहाचं दार उघडलं की
डावीकडची एक बरगडी अजून त्याचं नाव घेते.

रात्री आयोजकानं रश्श्याचं एकच पातेलं ठेवलं होतं, सगळ्यांना मिळून.
तो माझ्याशेजारी येऊन बसला.
बाराशे पेसो तीनदा मोजले, मोज्यात खोचले,
आणि भातात बघत म्हणाला,
"नोंग, मी पडलो होतो ना?"

मी म्हणालो, "फळी ओली होती."

का म्हणालो, कुणास ठाऊक.
त्याच्या ओठाला भात चिकटत होता, चावताना दुखत होतं,
तरी तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

पुढच्या ओळी वाचून काढल्यात मी.
दुसरीवर दावावचा एक रिक्षावाला,
तिसरीवर रजेवर आलेला शिपाई,
चौथीवरचा गडी तराजूवरच चक्कर येऊन बसला होता म्हणतात.
पाचवी सेबूत, बरोबरी; तिथे त्याचं नाक मोडलं.
मग ओसाकात कुणाचा तरी खांदा निखळला,
चार दिवस आधी याला बोलावणं आलं,
उसन्या कोटात गेला
आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्या लाडक्याला झोपवून आला.
धक्क्यावर रेडिओ चालू होता.
माझ्या खांद्यावर साठ किलोचा ट्यूना होता,
खाली ठेवायला जागा नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक माशाला सळई खुपसतात,
दोऱ्याएवढं मांस बाहेर काढतात,
रंग बघून ठरवतात, हा जपानला, हा बाजारात.
माझ्या नोंदीला कुणी सळई लावली नाही.

काल खानावळीत टीव्हीवर त्याची लढत होती.
समालोचक म्हणाला, तुमुलाक आजवर एकदाही जमिनीवर गेलेला नाही.
पोरं माझ्याकडे वळली.
"मानोंग, तुम्ही लढलात ना त्याच्याशी? सांगा की!"

मी म्हणालो, जड हाताचा होता.

पडद्यावर त्याचा उजवा हात उंच होता,
गालाशी नाही, थोडा मागे, कानाला झाकून.
ही त्याची खास शैली, समालोचक म्हणाला,
कुठून शिकला, हे तो कधी सांगत नाही.